एक चूल, चार प्रकृती : पित्याच्या स्वयंपाकघरातील ऋतुचर्या

ऋतुचर्या हा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास अगदी आरंभी शिकविला जाणारा विषय होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा 'तस्याशितीय' अध्याय, सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. पुढे चिकित्सालयात बसल्यावर हीच ऋतुचर्या पथ्यपत्रकाच्या रूपाने रुग्णाच्या हाती पडते. परंतु येथे एक विचित्र स्थिती निर्माण होते. पथ्य सांगतो वैद्य, ऐकतो रुग्ण, आणि ते प्रत्यक्षात आणावयाचे असते ते घरी चुलीपाशी उभ्या असलेल्या तिसऱ्याच व्यक्तीने. ही तिसरी व्यक्ती चिकित्सालयात उपस्थित नसते. तिचा दिवस किती वाजता सुरू होतो, घरात जेवणारी माणसे किती, त्यांची वये व प्रकृती कोणत्या, याची नोंद रुग्णपत्रकात कोठेही होत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी व्यक्ती आहे. आमच्या घरी २०१९ च्या जूनपासून ही जबाबदारी आम्हीच सांभाळतो. त्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींची नोकरीतील बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. सकाळी सातची एस.टी. आणि सायंकाळी साडेसातला घरी परत, असा त्यांचा दिनक्रम ठरला. मातोश्रींची सत्तरी उलटलेली आणि गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभे राहणे अशक्य झालेले. दोन मुले शाळेत जाणारी. आमचे चिकित्सालय घराच्याच पुढील खोल्यांत आणि सकाळी दहाला उघडणारे. अशा परिस्थितीत स्वयंपाक कोणी करावा, या प्रश्नाचे उत्तर घरातील घड्याळानेच दिले. यात कोणताही आदर्श निर्माण करण्याचा हेतू नव्हता. मात्र रोज दोन वेळा पाच पाने वाढताना ऋतुचर्येचा जो अर्थ लागत गेला, तो वैद्यबंधूंपुढे व औषधालयांच्या चालकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

पाककर्म आणि पुरुष

पुरुषाने घरी स्वयंपाक करणे आजही अनेकांस कौतुकाचे अथवा थट्टेचे वाटते. आपल्या परंपरेस मात्र त्यात नवल नाही. अज्ञातवासात भीमाने बल्लव हे नाव धारण करून विराटाची पाकशाळा सांभाळली. पाकदर्पण हा ग्रंथ नलाच्या नावावर सांगितला जातो. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात बाहुकाच्या रूपातील नलाची ओळख दमयंतीस पटते ती त्याने शिजविलेल्या अन्नाच्या चवीवरून, आणि त्यानंतर ती आपली दोन्ही मुले त्याच्याकडे धाडते. पित्याची ओळख त्याच्या हातच्या चवीने पटावी, हा प्रसंग आम्हास फार अर्थपूर्ण वाटतो. सोळाव्या शतकातील क्षेमशर्म्याचे क्षेमकुतूहल आणि सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांचे भोजनकुतूहल हे ग्रंथही पुरुषांनीच रचले आहेत.

आपल्या संहितांतही पाचकाचे स्थान गौण नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरगृहाची सिद्धता सांगताना परिचारकांच्या यादीत अन्न शिजविण्यात कुशल माणसे आवर्जून सांगितली आहेत. म्हणजे चिकित्सेच्या साधनसामग्रीत पाचकाची गणना झाली. सुश्रुताने कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात महानस कसे असावे व त्यावर देखरेख कोणाची असावी याचे विवेचन केले आहे, आणि ते करताना वैद्यास स्वयंपाकघराच्या आत आणले आहे.

व्यवहारात मात्र हा भार एकाच बाजूस कलला आहे. केंद्र शासनाने २०१९ साली केलेल्या पहिल्या देशव्यापी वेळ-उपयोग सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. घरकामात मुळात भाग घेणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत सुमारे ८१ टक्के, तर पुरुषांत सुमारे २६ टक्केच होते. आपण लिहिलेले प्रत्येक पथ्य या आधीच भरलेल्या पाच तासांत आणखी एक काम घालते. पथ्य मोडते तेव्हा त्यामागे श्रद्धेचा अभाव थोडा आणि वेळेचा अभाव फार असतो, असे आमचे मत झाले आहे.

एक भांडे, निरनिराळी पाने

चरकाच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांतील उपयोक्ता म्हणजे जेवणारा. उरलेली सात बहुतांशी रांधणाऱ्याच्या व वाढणाऱ्याच्या हाती असतात. धान्य कोणते निवडावे, ते भाजावे की भिजवावे, कशात काय मिसळावे, कोणास किती वाढावे, हे निर्णय तो दिवसातून अनेकदा घेत असतो. फक्त त्यास ही नावे ठाऊक नसतात.

आमच्या घरात चार प्रकृती स्पष्ट दिसतात. मातोश्रींचे वय वाताचे, दात थोडे, अग्नी विषम. सौभाग्यवती पित्तप्रधान, जेवणास उशीर झाला की जळजळ ठरलेली. चिरंजीव तीक्ष्णाग्नीचे, दिवसभर मैदानावर. कन्या कफप्रधान, फाल्गुन लागला की खोकला सुरू. आमचे स्वतःचे म्हणावे तर जे उरेल ते मानवते, आणि रांधणाऱ्यास ही प्रकृती सोयीची असते.

चार जणांसाठी चार स्वयंपाक करणे कोणत्याही गृहस्थास शक्य नाही, आणि तसे पथ्य आठ दिवसांपलीकडे टिकतही नाही. म्हणून आम्ही एक रीत बसविली. मूळ पदार्थ एकच, परंतु तो जाणीवपूर्वक सौम्य ठेवावयाचा, आणि संस्कार शेवटी, पानागणिक करावयाचा. उदाहरणार्थ, मुगाचे वरण हळद व हिंग घालून एकाच भांड्यात शिजते. त्यातील आईंची वाटी आधी काढून त्यात सुंठेची चिमूट व चमचाभर तूप पडते. सौभाग्यवतींच्या वाटीत धणे-जिऱ्याची पूड, तूप व थोडे ओले खोबरे. कन्येच्या वाटीत मिरपूड, आणि तूप नावापुरते. उरलेल्यावर फोडणीच्या पळीत मोहरी, लसूण व तिखट तडतडून ते चिरंजीवांच्या व आमच्या वाट्यास येते. या साऱ्यास अधिक वेळ लागतो तो सहा-सात मिनिटांचा. तिखट शेवटी घालावे, हा एवढा नियम पाळला तरी एका भांड्यातून चार प्रकारचे पथ्य साधते.

राशीचेही तसेच. चरकाने राशीचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन भेद सांगितले आहेत : एकूण आहाराचे प्रमाण आणि प्रत्येक पदार्थाचे स्वतंत्र प्रमाण. पान वाढणाऱ्यास हा भेद रोज उपयोगी पडतो. भात सर्वांच्याच पानात असतो. आईंच्या पानात तो अर्धा आणि मऊ, चिरंजीवांच्या पानात दुप्पट आणि मोकळा. कोणास काही वर्ज्य केले असे वाटू न देता पथ्य पाळले जाते. घरातील सलोख्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. एका माणसास वेगळे अन्न मिळू लागले की तो स्वतःस आजारी समजू लागतो.

पावसाळा

आमचा भाग कृष्णाकाठचा. मृगाचा पाऊस जूनच्या मध्यास येतो आणि आषाढात तो खऱ्या अर्थाने बसतो. वाग्भटाच्या गणनेने वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदाचा. सुश्रुताने ऋतूंची जी दुसरी गणना दिली आहे, तीत आषाढ-श्रावण हा प्रावृट् आणि भाद्रपद-आश्विन हा वर्षा ऋतू येतो. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरास ही दुसरी गणना अधिक जुळते, असा आमचा अनुभव आहे. पंचांगापेक्षा भिंतीची ओल आणि पिठाला सुटणारे पाणी पाहून आम्ही ऋतू ठरवितो.

या काळात अग्नी मंद, वाताचा प्रकोप आणि पित्ताचा संचय. शास्त्राने जुने जव, गहू व साळी, मुगाचे यूष आणि तापवून निववलेले पाणी सांगितले आहे. अतिशय वारा-पाऊस असेल त्या दिवशी आम्ल, लवण व स्निग्ध अन्न घ्यावे असेही म्हटले आहे. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी कोकमाचे सार, तूप घातलेली मुगाची खिचडी व भाजलेला पापड हा बेत आमच्याकडे ठरलेला आहे.

पालेभाज्यांविषयी या दिवसांत नेहमी विचारणा होते. टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्या याच काळात बाजारात येतात. चरकाने पालेभाजी वाफवून, तिचा रस पिळून टाकून आणि पुरेसा स्नेह घालून खावी असे सांगितले आहे. भारंगीची भाजी उकडून, पिळून, मग परतण्याची गावाकडील रीत याहून वेगळी नाही. ती रीत गाळून पावसाळ्यात पालेभाजी खाणाऱ्यांचे पोट बिघडले तर दोष भाजीचा नव्हे.

श्रावणातील उपवास हा आणखी एक नाजूक विषय. आईंचे श्रावणी सोमवार पन्नास वर्षांचे. ते सोडा असे सांगणे आमच्या जिभेस शोभणारे नाही. परंतु साबुदाण्याविषयी बोलणे शक्य होते. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे आपल्या संहितांत त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. तळलेला अथवा दाण्याचे कूट घालून परतलेला साबुदाणा मंद अग्नीस जड पडतो, हे मात्र प्रत्येक वैद्य पाहतो. वरीचे तांदूळ, म्हणजे श्यामाक वर्गातील धान्य, लघु परंतु रूक्ष आणि वातकर सांगितले आहे. म्हणून आम्ही ते भाजून, भरपूर पाण्यात मऊ शिजवून, वर तूप व जिरे घालून देऊ लागलो. "उपासाला चालतं ना, मग झालं," एवढे म्हणून आईंनी ते मान्य केले. व्रत मोडले नाही आणि मंगळवारचे पोट फुगणे थांबले.

आजारातील पेज

२०२२ च्या श्रावणात आईंना ताप आला. रक्ताच्या तपासण्या झाल्या, गंभीर काही निघाले नाही आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. परंतु तापाबरोबर त्यांची अन्नावरची वासनाही गेली. घास तोंडाशी नेला की त्या मान फिरवीत. पंधरवड्यात वजन पंचेचाळीस किलोंवरून एकेचाळीसवर आले. उतारवयात असे उतरलेले वजन पुन्हा भरून येईलच याची शाश्वती नसते, हे आपण जाणतोच. घरातील सर्वांच्या मनात जी भीती होती तिचा उच्चार कोणी करीत नव्हते.

संसर्जनक्रम आपण शोधनानंतरच्या आहारक्रमाच्या संदर्भात शिकतो. मंड, पेया, विलेपी, मग अकृत यूष, कृत यूष, असे पायरीपायरीने अग्नी वाढविण्याचे हे शास्त्र. क्षीण अग्नीस पुन्हा पेटविण्याचे तत्त्व तेच असल्याने आम्ही या क्रमाचा आधार घेतला. प्रमाणे ठरलेली आहेत : मंडास तांदळाच्या चौदापट पाणी, यवागूस सहापट, विलेपीस चारपट. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. ही प्रमाणे उघड्या भांड्याची आहेत. प्रेशर कुकरमध्ये पाणी आटत नाही, त्यामुळे तेच प्रमाण घेतल्यास पदार्थ अपेक्षेपेक्षा पातळ होतो. आम्ही एक वर्ष जुना तांदूळ कोरडाच भाजून, जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर शिजवीत असू. भाजल्याने तो लघु होतो.

पहिले दोन दिवस सुंठ व सैंधव घातलेले पेजेचे वरचे पाणी, दर वेळी अर्धी वाटी. तिसऱ्या दिवशी शितांसह पेज. पाचव्या दिवशी गुरगुट्या भात. मग मुगाचे कढण, प्रथम केवळ मीठ घालून, नंतर तूप-जिऱ्याची फोडणी देऊन. भूक लागली असे त्यांनी सांगेपर्यंत पुढची पायरी घेतली नाही. वाटी दर वेळी नातवंडांपैकी एकजण घेऊन जाई, कारण नातीच्या हातची वाटी परत पाठविणे आजीस जमत नसे. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःहून विचारले, "मेतकूट आहे का रे?" त्या दिवशी मेतकूट-तूप-भाताचे चार घास गेले. कार्तिकात वजन चव्वेचाळीस भरले. उपचारांचे श्रेय एका पदार्थास देण्याचा आमचा उद्देश नाही. तथापि, त्या नऊ दिवसांत चुलीपाशी शास्त्र जाणणारा माणूस उभा होता, याचा उपयोग झाला हे निश्चित.

यातून भाषेचा एक धडाही मिळाला. पेया म्हणजेच आपली पेज, विलेपी म्हणजे गुरगुट्या भात किंवा कोकणातील आटवल, यूष म्हणजे कढण. पथ्यपत्रकावर 'विलेपी द्यावी' असे लिहिले तर घरात कोणास बोध होणार नाही. 'गुरगुट्या भात, एक वाटी तांदळास चार वाट्या पाणी, उघड्या पातेल्यात' असे लिहिले तर आठवीतला मुलगाही तो करू शकतो.

शरद

आश्विनातील ऊन पडले की पावसाळ्यात साठलेले पित्त प्रकोप पावते. सौभाग्यवतींचे हे कठीण दिवस. मधुर, लघु, शीत आणि किंचित तिक्त अन्न. साळी, मूग, साखर, आवळा, पटोल ही शरदातील द्रव्ये. पटोलाच्या जागी आपल्या बाजारात पडवळ मिळते. पडवळ व मुगाची डाळ यांची ओले खोबरे घातलेली भाजी आठवड्यातून दोनदा होते. दुधी, आवळ्याचा मोरावळा, खडीसाखर यांचे हेच दिवस. चरकाने ज्या ऋतूंत दही निंद्य मानले आहे त्यांत शरद येतो, म्हणून दह्याचे विरजण या काळात आम्ही थांबवितो. पितृपक्षातील खीर आणि कोजागरीचे दूध या रूढी पित्ताच्या या काळास साजेशा आहेत, फक्त दुधात सुका मेवा व केशर यांची गर्दी नको.

सौभाग्यवतींच्या बाबतीत पथ्यापेक्षाही वेळ महत्त्वाची ठरली. कामाच्या ठिकाणी दुपारचे जेवण दोनच्या आत होत नसे. त्यांच्या डब्याबरोबर आम्ही साळीच्या लाह्या, मनुका व खडीसाखर यांची लहानशी डबी देऊ लागलो; ती साडेअकराला रिकामी होते. दिवाळीचा फराळ शरदाच्या उतरणीस येतो. तो टाळावा असे सांगणारा वैद्य कोणास आवडणार? चकली-करंजी घरी, ताज्या तेलात, थोडी थोडी होते. तळणीचे तेल पुन्हा तळणीस घेतले जात नाही. आणि फराळ हा जेवणानंतरचा पदार्थ न राहता सकाळच्या न्याहारीच्या जागी येतो. एवढ्याने पुष्कळ निभावते.

हेमंत आणि शिशिर

थंडीत अग्नी प्रबळ असतो, आणि त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो देहातील रसावरच उठतो, असे शास्त्र सांगते. वाढत्या वयाचा मुलगा घरात असलेल्या पालकास हे वचन समजावून द्यावे लागत नाही. बाजरीची भाकरी, लोणी, गूळ, तीळ, उडीद, वांग्याचे भरीत, ऊस, हुरडा, हे सर्व बळ देणारे आहे आणि पचविण्याची शक्तीही याच दिवसांत असते. भोगीची भाजी म्हणजे हेमंतचर्येचा एका कढईतील सारांश : गाजर, वांगे, पावटा, ओला हरभरा, वर तिळाचे कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

येथेही एकाच कढईतून निरनिराळी पाने निघतात. आईंसाठी भाकरी कुस्करून गरम दुधात भिजविली जाते आणि तिळाचे बारीक कूट लोण्यात कालविले जाते. डिंकाच्या लाडवात खारीक-खोबऱ्याचे प्रमाण चिरंजीवांसाठी पूर्ण. कन्येस अर्धा लाडू, तोही सकाळी. मधुमेही रुग्णांस आम्ही भोगीची भाजी आणि भाकरीचा तुकडा यांचा आनंद घेण्यास सांगतो, गुळाच्या पोळीचा नव्हे.

वसंत आणि ग्रीष्म

थंडीत साठलेला कफ फाल्गुनापासून वितळू लागतो. होळीची पुरणपोळी नेमकी याच वेळी येते. कन्येच्या पानातून ती काढून घेणे आम्हास रुचले नाही. दुपारी तिला पोळी मिळते आणि रात्री केवळ मिरी घातलेले मुगाचे कढण. दही, केळी व थंड दूध बंद होते; ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा जवाचे पीठ मिसळले जाते; दुपारची झोप नाही; कोमट पाणी पूर्ण निवल्यावर त्यात मध. पाडव्याची कडुनिंब, ओवा, मिरी, हिंग व गुळाची चटणी आमच्याकडे एक दिवसाचा विधी न राहता पंधरा दिवस चालते. अलीकडील वर्षांत तिच्या चैत्रातील खोकल्याचे दिवस कमी झाले आहेत. मुलगी मोठी होत आहे हेही त्याचे कारण असू शकेल; एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही.

ग्रीष्मात मात्र शास्त्र आणि रूढी यांचा सामना होतो. उन्हाळा म्हणजे दहीभात आणि ताक, अशी आपल्या समाजाची दृढ समजूत आहे. चरकाने ग्रीष्मातही दही निंद्यच मानले आहे आणि सुश्रुताने उष्ण काळी, तसेच दुर्बल, दाह व रक्तपित्ताच्या रोग्यास ताक देऊ नये असे म्हटले आहे. स्पर्शाने थंड ते वीर्याने थंड असतेच असे नाही, हे रुग्णास पटविणे कठीण. घरच्यांस त्याहून कठीण. आम्ही वाद घालण्याचे टाळले आणि पर्याय ठेवले : साळीच्या भातावर दूध-साखर व तूप, ओल्या नारळाच्या दुधाची कमी आंबट सोलकढी, वाळा घातलेले माठाचे पाणी, वेलची व गूळ घातलेले बेताचे आंबट पन्हे, आणि सातूचे पीठ तूप व थंड पाण्यात कालवून केलेला मंथ. ताक हवेच असेल तर दुपारी, लोणी काढलेले, पाणी अधिक घालून, जिरे व साखरेसह, आणि सौभाग्यवतींस नाही. आमरसावर तूप व सुंठेची चिमूट घालण्याची जुनी रीत तर कोणासही नव्याने शिकवावी लागत नाही.

ऋतुसंधी : पिठाच्या डब्यातील पादांशक्रम

मावळत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात, असे चौदा दिवस ऋतुसंधीचे. पूर्वीची चर्या हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू घ्यावी, हा वाग्भटाचा उपदेश. चरकाने पादांशक्रम, म्हणजे चौथ्या-चौथ्या हिश्श्याने बदल, सांगितला आहे. आम्ही तो पिठाच्या डब्यात आणला. थंडी सरताना तीन भाग बाजरी व एक भाग ज्वारी चार दिवस, मग समभाग चार दिवस, मग एक भाग बाजरी व तीन भाग ज्वारी चार दिवस. शेवटच्या दोन दिवसांत निखळ ज्वारी. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून दळण आठवड्यापुरतेच. घरात कोणास बदल जाणवत नाही आणि संधिकाल सुखाने जातो. अंगाला हळूहळू सवय लावण्याचे हे तत्त्व रुग्णास समजावून सांगण्यास पिठाइतके सोपे उदाहरण आम्हास दुसरे सापडलेले नाही.

वैद्य आणि औषधालय

या अनुभवावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. पथ्य सांगताना स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस शक्य तर समोर बसवावे, आणि घरातील पुरुष सोबत आला असेल तर पथ्य त्यासही सांगावे. वर्ज्य पदार्थांची यादी देण्यापेक्षा एका भांड्यातून वेगळे पान कसे काढावे, हे सांगावे. संस्कृत नावाऐवजी घरगुती नाव आणि वाटीचे माप लिहावे. पत्रक ऋतूचे असावे आणि संधीच्या दिवसांत बदलावे.

औषधालयांच्या चालकांनाही यात मोठे कार्य आहे. एक वर्ष जुना तांदूळ, साळीच्या लाह्या, जव, वाळा, चांगली सुंठ, पिंपळी, सैंधव या वस्तू शहरांतील दुकानांत खात्रीने मिळत नाहीत. त्यांस आपल्या फडताळात एक खण द्यावा. हिंग्वाष्टक चूर्णाचेच पाहा. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा-अजमोदा वर्गातील द्रव्य, सैंधव, दोन प्रकारचे जिरे आणि हिंग, ही जवळजवळ सर्व द्रव्ये स्वयंपाकघराच्या ओळखीची आहेत, आणि त्याच्या सेवनाची रीतही जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून घेण्याची आहे. ते बाटलीतून पाण्याबरोबर गिळण्याचे औषध बनले, याचे कारण त्याचा ताटाशी असलेला संबंध सांगणारा कोणी उरला नाही. बाटली देताना दोन वाक्ये सांगितली तरी तो संबंध पुन्हा जुळेल.

आमचे चिरंजीव येत्या जूनपासून शिक्षणासाठी वसतिगृहात राहणार आहेत. मुगाची खिचडी, कढण, पेज आणि ज्वारीची भाकरी एवढे त्यांस येते. भाकरी अद्याप गोल होत नाही, परंतु ती पचते. आईंकडून विचारून घेतलेली मापे आम्ही एका वहीत उतरवीत आहोत, कारण 'अंदाजाने' हे त्यांचे माप त्यांच्या हाताबरोबरच राहील अशी आम्हास चिंता आहे. पेजेचे माप मात्र ग्रंथातही आहे आणि आता वहीतही.

प्रत्येक वैद्याच्या रुग्णपत्रकात नाव, वय, प्रकृती, कोष्ठ, अग्नी असे रकाने असतात. त्यांच्याखाली आणखी एक रकाना आखावा, अशी आमची विनंती आहे : 'घरी स्वयंपाक कोण करतो?' त्याचे उत्तर मिळाल्यावरच पथ्य लिहिण्यास लेखणी उचलावी.